वीस वर्षांनी उठलेला तात्या

‘झपाटलेला’ 1993 साली आला आणि ‘झपाटलेला 2’ 7 जून 2013 रोजी. एवढ्या अवधीत पहिला भाग पाहून पांघरुणात तोंड लपवणारी मुले नोकरीला लागली, काहींची पोरे शाळेत जाऊ लागली. पालघर किनाऱ्यावरच्या चिंचणी गावाच्या हिशेबाने सांगायचे तर 1993 साली शेजारी तारापूरला दोन अणुभट्ट्या होत्या. 2005 आणि 2006 मध्ये 540 मेगावॉटच्या आणखी दोन सुरू झाल्या. विरारच्या पुढे लोकल जात नव्हती. ती बोईसरवरून डहाणूपर्यंत धावू लागली एप्रिल 2013 मध्ये, म्हणजे या चित्रपटांचा खलनायक बाहुला तात्या विंचू परत येण्याच्या जेमतेम दोन महिने आधी.

महेश कोठारे यांच्या पहिल्या चित्रपटाची कल्पना अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची (1988), पण तिला चढलेला रंग अस्सल मराठी होता. गोळी लागून मरणारा गुंड तात्या विंचू मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. ज्याला त्याने आपले गुपित पहिल्यांदा सांगितले, त्याच माणसाच्या शरीरात त्याला जाता येते, आणि तो माणूस म्हणजे भोळा लक्ष्या. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी या तिघांवर सगळा डोलारा उभा होता. खरे तर बाहुला फारसा भीतिदायक नव्हताच. लक्ष्या ज्या तऱ्हेने घाबरायचा त्यामुळे तो तसा वाटायचा. पुढे याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने निघाली.

बेर्डे 16 डिसेंबर 2004 रोजी गेले. त्यामुळे दुसरा भाग काढताना एक विचित्र पेच होता: खलनायक बाहुला, त्याला वय नाही, घाबरणारा नायक मात्र जगात नाही. त्यावर तोड काढली ती वारसाची. लक्ष्याचा मुलगा आदित्य तात्याचे नवे सावज झाला आणि ती भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. मधू कांबीकर आजी म्हणून परतल्या, महेश कोठारे पोलीस अधिकारी म्हणून, प्रभावळकर आवाजातून. सोबतीला सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी आणि मकरंद अनासपुरे.

जुन्या चाहत्याची अडचण इथेच झाली. पडद्यावर बाहुला दिसला की तो हसायला तयार असे, पण पुढच्याच दृश्यात डोळे सवयीने लक्ष्याला शोधत. आदिनाथ कोठारे यांचा त्यात दोष नव्हता. वडिलांच्या जागी मुलगा उभा राहिला की घरात कोण नाही हेच आधी आठवते. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून चष्मा लावून तो पाहायचा होता. तंत्राची ही उडी धाडसी होती. पहिल्या भागाचा प्रेक्षक मात्र त्याच्या पारायणांना घरच्या टीव्हीवर सरावलेला, आणि तिथे लक्ष्याचा घाम पुसणे पुरेसे होते.

हॉलिवूडचा अनुभव नेमका उलटा आहे. इंडियाना जोन्सचा तिसरा भाग 1989 चा, चौथा 2008 चा, पाचवा 2023 चा. तिथे नायक हॅरिसन फोर्ड हजर आहे, पण पाचव्या भागाच्या वेळी त्याने ऐंशी ओलांडली होती आणि सुरुवातीच्या प्रसंगात संगणकाने त्याचे वय उतरवावे लागले. चाहत्याला तिथे खटकतो तो तरुण केलेला चेहरा.

‘नवरा माझा नवसाचा 2’ मध्ये (2024) सचिन पिळगावकरांनी सोपा मार्ग धरला. 2004 सालच्या पहिल्या भागातल्या एसटीऐवजी कोकण रेल्वे घेतली, कंडक्टर झालेल्या अशोक सराफांना टीसी केले. माणसे तीच राहिली, गाडी बदलली. ‘झपाटलेला 2’ ला ही सोय नव्हती.