खंडयुक्त कृमींची वंशावळ आणि शुष्कतेतील जीवन : साम्य व नाते यांतील भेद

प्रस्तावना :

गांडूळ, जळू आणि समुद्रकाठी आढळणारा नेरीस हे वलयांकित प्राण्यांच्या, म्हणजेच ॲनेलिडा संघाचे परिचित प्रतिनिधी होत. शरीराची एकामागून एक येणाऱ्या खंडांत झालेली विभागणी हे या संघाचे ठळक लक्षण मानले जाते. कीटक, गोम, खेकडा अशा संधिपाद प्राण्यांतही खंडयुक्त शरीररचना आढळते. त्यामुळे संधिपाद प्राणी वलयांकित पूर्वजांपासून उत्क्रांत झाले, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ होत आली आणि पेरिपॅटस हा प्राणी या दोन संघांमधील दुवा म्हणून शिकविला गेला. रेणवीय जीवशास्त्राने ही मांडणी बदलली आहे. दोन प्राण्यांतील साम्य हे त्यांच्या नात्याचा पुरावा केव्हा ठरते आणि केव्हा ठरत नाही, हा प्रश्न या बदलाच्या मुळाशी आहे. खंडीभवन आणि शुष्कता सहन करण्याची क्षमता या दोन लक्षणांच्या आधारे त्याचा विचार येथे केला आहे.

खंडीभवनाचा पुरावा :

फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिये यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात वलयांकित व संधिपाद प्राण्यांना ‘आर्टिक्युलाटा’ या एकाच विभागात स्थान दिले. शरीररचनेवर आधारलेले हे वर्गीकरण विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रभावी राहिले. मात्र रायबोसोमीय आरएनएच्या जनुकांची तुलना सुरू झाल्यावर वेगळेच चित्र समोर आले. १९९५ मध्ये वलयांकित व मृदुकाय प्राण्यांसह काही संघांचा ‘लोफोट्रोकोझोआ’ हा गट मांडण्यात आला. १९९७ मध्ये संधिपाद प्राणी, गोलकृमी व टार्डिग्रेड यांचा, म्हणजे कात टाकणाऱ्या प्राण्यांचा, ‘एक्डिसोझोआ’ हा गट पुढे आला. पेरिपॅटसही याच दुसऱ्या गटात मोडतो. तो संधिपादांचा जवळचा आप्त आहे. गांडूळ आणि कीटक यांना जोडणारा दुवा नव्हे. गांडुळाचे नाते कीटकापेक्षा गोगलगायीशी अधिक जवळचे आहे. अनेक सागरी वलयांकित व मृदुकाय प्राण्यांच्या विकासात दिसणारा ट्रोकोफोर डिंभ या नात्याशी सुसंगत आहे.

वलयांकित प्राण्यांच्या संघांतर्गत वर्गीकरणातही फेरबदल झाले. बहुशूक, अल्पशूक आणि जळू असे तीन समकक्ष वर्ग पूर्वी मानले जात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक जनुकांवर आधारित अभ्यासाने गांडुळे व जळवा या बहुशूकांच्याच एका शाखेतून निघाल्याचे स्पष्ट केले. पूर्वी स्वतंत्र संघ मानलेले सायपनक्युला व एकियुरा हे प्राणीही आता ॲनेलिडातच गणले जातात, जरी त्यांच्या प्रौढ शरीरात खंड दिसत नाहीत. याचा अर्थ, खंड असणे हा जसा नात्याचा निर्णायक पुरावा नाही, तसे खंड नसणे हा परकेपणाचाही पुरावा नाही. खंडीभवन नेमके किती वेळा उत्पन्न झाले, याविषयी मात्र संशोधकांत अद्याप एकमत नाही.

शुष्कतेतील जीवन :

हाच प्रश्न एका शरीरक्रियात्मक लक्षणाबाबतही उपस्थित होतो. लेव्हेनहूक यांनी १७०२ मध्ये छपराच्या पन्हळीतील वाळलेल्या गाळात पाणी घातले असता त्यातील सूक्ष्म प्राणी पुन्हा हालचाल करू लागल्याचे नोंदविले. हे प्राणी रोटिफर होते. चयापचय जवळजवळ थांबलेल्या अशा अवस्थेला कीलिन यांनी १९५९ मध्ये ‘क्रिप्टोबायोसिस’, म्हणजे गुप्तजीवन, अशी संज्ञा दिली. काही टार्डिग्रेड, काही गोलकृमी आणि आफ्रिकेतील खडकांवरच्या डबक्यांत वाढणाऱ्या पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी या कीटकाच्या अळ्या शरीरातील बहुतेक सर्व पाणी गमावूनही जिवंत राहतात.

वंशवृक्षावर हे प्राणी एकत्र आढळत नाहीत. रोटिफर हे वलयांकित प्राण्यांच्या बाजूच्या शाखांवर येतात, तर उर्वरित तिन्ही एक्डिसोझोआत मोडतात. त्यांच्या बहुसंख्य आप्तांना संपूर्ण शुष्कता प्राणघातक ठरते. म्हणून ही क्षमता अनेकदा स्वतंत्रपणे विकसित झाली असावी, असे अनुमान निघते. यंत्रणांतील भिन्नता त्याला बळ देते. पॉलिपेडिलमच्या वाळलेल्या अळीच्या वजनाचा सुमारे २० टक्के भाग ट्रेहॅलोज या शर्करेचा असतो. ही शर्करा पेशीपटलांतील पाण्याची जागा घेते आणि पेशीद्रव्य काचसदृश घन बनविते. परंतु डेलॉइड गटातील रोटिफरांत ट्रेहॅलोज आढळत नसल्याचे २००३ मध्ये दिसून आले. टार्डिग्रेडांच्या संरक्षणात निश्चित आकार नसलेल्या विशिष्ट प्रथिनांचा मोठा वाटा असल्याचे २०१७ मध्ये दाखविण्यात आले. याउलट, १९८१ मध्ये कापसाच्या बियांत वर्णिलेल्या ‘लेआ’ प्रथिनांसारखे प्रथिन २००२ मध्ये एका गोलकृमीत सापडले. एवढ्या साम्यावरून कपाशी व कृमी यांचे निकटचे नाते कोणी सांगणार नाही.

गांडुळाचा मार्ग :

गांडूळ ओलसर त्वचेद्वारे श्वसन करते. त्यामुळे ते सक्रिय अवस्थेत कोरडे राहू शकत नाही. तरीही काही जाती शरीरातील सुमारे ७० टक्के पाणी गमावूनही तग धरतात. उन्हाळ्यात अनेक जाती जमिनीत खोल जातात, श्लेष्माने लिंपलेल्या पोकळीत वेटोळे करून पडून राहतात आणि पावसानंतर पुन्हा सक्रिय होतात. महाराष्ट्रातील शेतांत पहिल्या पावसानंतर गांडुळे अचानक दिसू लागतात, ती यामुळेच. ही उन्हाळी सुप्ती होय, गुप्तजीवन नव्हे; कारण येथे चयापचय मंदावतो, थांबत नाही. थंड प्रदेशातील डेंड्रोबीना ऑक्टीड्रा या जातीच्या कोशांतील भ्रूण बर्फाच्या सान्निध्यात पाणी गमावतात आणि त्यामुळेच गोठण्यापासून वाचतात. म्हणजे शुष्कतेला तोंड देण्याच्या पद्धती एकाच संघातही भिन्न आहेत.

समारोप :

खंडीभवन व शुष्कतासहिष्णुता या दोन्ही लक्षणांवरून एकच निष्कर्ष निघतो. समान रचना किंवा समान क्षमता हा नात्याचा केवळ संकेत असतो. त्याची सत्यता जनुकीय, विकासात्मक व शारीरिक अशा परस्परस्वतंत्र पुराव्यांनी पडताळावी लागते. गांडूळ हा आपल्या प्राणिशास्त्र अभ्यासक्रमातील नमुना प्राणी आहे. त्याच्या अभ्यासाबरोबरच ‘पेरिपॅटस हा दुवा का नाही’ हा प्रश्न वर्गात चर्चिला गेल्यास, वर्गीकरण ही पाठ करावयाची यादी नसून पुराव्यानुसार बदलणारे अनुमान आहे, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल.