दहाच्या आत : रेव्हचे देश आणि वऱ्हाडचा डीजे

‘रेव्ह पार्टी’ हे शब्द मराठी वाचकाच्या कानावर पडले ते बहुतांशी पोलिसांच्या छाप्यांच्या बातम्यांतून. मार्च २००७ मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी पडलेल्या छाप्यानंतर तर अंमली पदार्थ, फार्म हाऊस आणि पैसेवाल्यांची मुले असे एक पक्के चित्रच तयार झाले, आणि या प्रकारालाही काही इतिहास आहे, तो देशोदेशी वेगळा घडला आहे, ही बाब त्या चित्राआड राहून गेली. रेव्ह म्हणजे यंत्रांवर तयार केलेल्या, सारख्या ठेक्याच्या, बहुधा शब्दहीन संगीतावर मोठ्या समूहाने तासन्‌तास केलेले नृत्य होय. त्यात रंगमंचावरचा गायक गौण असतो, एका ध्वनिमुद्रिकेतून दुसरीत ठेका न तुटू देता जाणारा डीजे हा कारागीर महत्त्वाचा असतो, आणि ध्वनियोजनेत मंद्र स्वर इतके प्रबळ ठेवलेले असतात की ते कानाइतकेच छातीला जाणवतात. संगीताची यंत्रे जगभर जवळपास सारखीच होती. निरनिराळ्या देशांत त्यांभोवती जमलेल्या संस्कृती मात्र एकमेकींशी फारशा जुळत नाहीत. या फरकाचे स्पष्टीकरण संगीतात शोधण्यापेक्षा त्या त्या ठिकाणी मोठा आवाज करण्याची मुभा कोणाला, कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळत होती, यात शोधले तर अधिक हाती लागते, आणि त्या दृष्टीने अमरावती-अकोल्याचा रस्ता हे लंडन-बर्लिनइतकेच अभ्यासनीय स्थळ ठरते.

यंत्रांची गोष्ट थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे तालयंत्र आणि त्यानंतर टीबी-३०३ हे मंद्र स्वरांचे छोटे यंत्र बाजारात आणले. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी साथ मिळावी हा टीबी-३०३चा हेतू होता; तो साधला नाही, १९८४ मध्ये उत्पादन थांबले आणि ही यंत्रे जुन्या बाजारात मातीमोल भावाने विकली जाऊ लागली. अमेरिकेतील शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांनी ती उचलली. त्या शहरात फ्रँकी नकल्स या डीजेने ‘वेअरहाऊस’ नावाच्या क्लबमध्ये कृष्णवर्णीय आणि समलैंगिक तरुणांसाठी नृत्यसंगीताची एक शैली आधीच रुजवली होती, तिला ‘हाऊस’ म्हणत. तिच्यात टीबी-३०३चा पिळवटल्यासारखा आवाज मिसळून ‘अॅसिड हाऊस’ झाले, आणि फ्युचर या गटाची १९८७ची ध्वनिमुद्रिका त्या प्रकाराची पहिली खूण मानली जाते.

या इतिहासात मुंबईची एक चमत्कारिक नोंद आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८, टीबी-३०३ आणि रोलँडचाच ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडून दहा रागांची एक तबकडी एचएमव्हीसाठी मुद्रित केली. डिस्कोच्या ठेक्यावर भैरव, ललत, यमन अशी ती मांडणी होती, तिच्याकडे त्या वेळी कोणी फिरकले नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर शिकागोच्या आधी पाच वर्षे हा आवाज मुंबईत निघाला होता, हे जगाच्या लक्षात आले. अॅसिड हाऊसचा जन्म मुंबईत झाला असे अभिमानाने सांगण्याचा मोह यामुळे होतो, पण तो आवरलेला बरा, कारण शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली होती असे मानायला आधार नाही आणि मुंबईत तिच्यावर नाचायला कोणी जमलेही नव्हते. यंत्र होते, वादक होता, राग होते. समूह तेवढा नव्हता.

समूह जमला इंग्लंडमध्ये. स्पेनच्या इबिझा बेटावर १९८७च्या उन्हाळ्यात गेलेल्या काही तरुण इंग्रज डीजेंनी तिथली रात्र पाहिली आणि परत येऊन लंडनमध्ये ती उभी करण्याचा घाट घातला. डॅनी रॅम्पलिंगचा ‘शूम’ हा क्लब त्याच वर्षाच्या अखेरीचा. परंतु इंग्लंडातील परवाना कायदा क्लबांना पहाटेच्या बऱ्याच आधी बंद करायला लावी, त्यामुळे नाच शहराबाहेर सरकला आणि लंडनभोवतीच्या एम-२५ या वर्तुळाकार महामार्गालगतची गोदामे, विमानांचे ओस पडलेले हँगर आणि शेते ही रेव्हची ठिकाणे झाली. ठिकाण शेवटच्या घटकेपर्यंत गुप्त ठेवायचे आणि ध्वनिमुद्रित संदेश देणाऱ्या दूरध्वनी क्रमांकावर ते सांगायचे, ही युक्ती पोलिसांना चुकवण्यासाठी निघाली. पुढे तीच इंग्रजांच्या आठवणींतला सर्वांत रम्य भाग होऊन बसली. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथील माळावर हजारोंचा जमाव काही दिवस राहिला आणि १९९४च्या फौजदारी न्याय कायद्याने एकामागून एक येणाऱ्या, सारख्याच आवर्तनाच्या ठोक्यांच्या संगीतावर रात्री उघड्यावर जमणाऱ्यांना हटवण्याचा अधिकार पोलिसांना दिला. तालाची व्याख्या करणारे कलम कायद्यात घालण्याची वेळ संसदेवर यावी, ही घटना कायद्याच्या इतिहासातही दुर्मीळच म्हणायला हवी.

बर्लिनमध्ये लपाछपीची गरज पडली नाही. पश्चिम बर्लिनमध्ये मद्यगृहे रात्री बंद करण्याची सक्ती १९४९ मध्येच उठली होती, आणि १९८९ मध्ये भिंत पडल्यावर पूर्व भागातील मालकीचा पत्ता नसलेल्या कितीतरी इमारती रिकाम्या सापडल्या. १९९१ मध्ये सुरू झालेला ‘ट्रेझोर’ हा क्लब एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत होता. वऱ्हाडच्या संदर्भात मात्र बर्लिनची दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९८९च्या जुलैत डॉ. मोट्टे या डीजेने ‘लव्ह परेड’ नावाची नाचती मिरवणूक काढली ती राजकीय निदर्शन म्हणून नोंदवून. सुमारे दीडशे माणसांनी सुरू झालेली ही मिरवणूक दहा वर्षांत लाखोंवर गेली, भोंग्यांनी लादलेले ट्रक पुढे आणि नाचणारे मागे असे तिचे रूप ठरले, आणि निदर्शन असल्यामुळे रस्त्याच्या साफसफाईचा भार शहरावर पडत राहिला, तो २००१ मध्ये न्यायालयाने ही मिरवणूक निदर्शन नसल्याचे ठरवेपर्यंत.

गोव्याची कहाणी महाराष्ट्राला जवळची असली तरी ती बव्हंशी परदेशी पाहुण्यांनीच लिहिली आहे. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण आणि वागातोरच्या किनाऱ्यांवर हिप्पी येऊ लागले, आणि ऐंशीच्या दशकात तिथल्या पौर्णिमेच्या रात्रींत गिटारची जागा युरोपातून आणलेल्या यांत्रिक संगीताने घेतली. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला, २०२३ मध्ये निधन पावलेला गोवा गिल हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध डीजे. उष्मा, दमटपणा आणि वाळू यांत तबकड्या टिकत नसल्यामुळे गोव्याचे डीजे कॅसेटवर आणि नंतर डॅट या छोट्या डिजिटल फितीवर वाजवत. फितीवर तबकडीसारखी हाताची कसरत करता येत नाही, म्हणून एक रचना पूर्ण वाजू द्यायची आणि मग दुसरी लावायची अशी रीत पडली, आणि मिनिटाला १४०च्या आसपास ठोके असलेल्या, आठ-नऊ मिनिटे हळूहळू चढत जाणाऱ्या ‘गोवा ट्रान्स’ या शैलीला ती रीत पोषक ठरली. नाच सूर्य उगवल्यावरही चालू राही. नाचणाऱ्यांच्या कडेने स्थानिक बायका चटया अंथरून, रॉकेलचा दिवा आणि स्टोव्ह मांडून रात्रभर चहा, ऑम्लेट, केक विकत. त्या बायकांना त्या पौर्णिमा कशा आठवतात, हे विचारून लिहून ठेवण्याचे काम मात्र पाहुण्यांच्या आठवणींच्या मानाने नगण्य झाले आहे. पुढे गोव्यातून हे संगीत लष्करी सेवा संपवून भारतात येणाऱ्या इस्रायली तरुणांबरोबर तेल अवीवला गेले, जर्मनी-पोर्तुगालच्या महोत्सवांत पोहोचले, आणि मायदेशी २००७च्या डिसेंबरात कांदोळीत सुरू झालेल्या ‘सनबर्न’ या तिकिटाच्या महोत्सवाने त्याला व्यापारी रूप दिले. हा महोत्सव २०१६ मध्ये पुण्याला आला.

वऱ्हाडात हे तंत्र गोव्याच्या वाटेने आले नाही, वरातीच्या वाटेने आले. आधी ब्रास बँड होता, मग कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड गाडीवर चढवून वाजवणारे पथक आले, आणि त्यांच्याबरोबरीने संदल होता. उरुसात दर्ग्यावर चंदनाचा लेप नेताना निघणाऱ्या मिरवणुकीला संदल म्हणतात. तिच्यातील ढोल-ताशांचे पथक विदर्भात गणपती, देवी आणि लग्नातही सुपारी घेऊन वाजवू लागले, आणि नागपूरकडे त्याच्याच जवळचा धुमाळ हा प्रकार फोफावला. या सगळ्यांवर नंतर डीजे आला. पश्चिम महाराष्ट्र ज्याला डॉल्बी म्हणतो त्याला वऱ्हाड डीजे म्हणते आणि त्या शब्दाने वाजवणाऱ्या माणसापेक्षा वाजणारी गाडी अभिप्रेत असते. ट्रकवर लोखंडी सांगाडा, खाली अठरा इंची स्पीकरांचे बेस, मध्ये ‘प्रेशर मिड’, वर टॉप, कडेने फिरते शार्पी दिवे, मागच्या गाडीत जनरेटर, आणि या साऱ्यांत एका कोपऱ्यात लॅपटॉप व मिक्सर घेऊन बसलेला ऑपरेटर. अमरावतीत जवाहर गेटच्या आतल्या किंवा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतून ही गाडी काढायची तर टपावर बांबू घेऊन एक पोरगा उभा असावाच लागतो. लोंबणाऱ्या विजेच्या तारा तो बांबूने उचलून धरतो आणि गाडी वीत-वीत पुढे सरकते. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. गल्लीत दोन्हीकडच्या भिंती तो परत फेकतात, त्यामुळे तो तितका उतरत नाही आणि दुकानांची शटरे थरथरू लागतात.

म्हणून वऱ्हाडच्या डीजेचे खरे नातलग इबिझात नाहीत. ब्राझीलमधील साल्वादोर शहरात १९५०च्या कार्निव्हलला डोडो आणि ओस्मार या दोघांनी जुन्या फोर्ड गाडीवर भोंगे लावून वाजवत फिरण्याची प्रथा पाडली, तिच्यातून तिथले नाचते ट्रक निघाले. जमैकातील किंग्स्टनमध्ये स्पीकरांच्या भिंती उभ्या करून दोन गटांनी समोरासमोर वाजवण्याची चढाओढ पन्नासच्या दशकापासूनची आहे. दोन मंडळांच्या गाड्या चौकात समोरासमोर आल्यावर कोणाचे बेस किती, यावर पोरांची जी हुज्जत चालते ती किंग्स्टनच्या माणसाला भाषांतराशिवाय कळेल.

या नाचाला वऱ्हाडात परवानगी मिळते ती मिरवणूक म्हणून, आणि ती दहाला संपते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सवांसाठी, मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. डेसिबल ही गुणाकाराची मोजपट्टी असल्याने दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. डीजेच्या ट्रकजवळ आकडा सहज शंभरापलीकडे जातो, म्हणजे मर्यादेच्या हजारो पट. नियम पाळला जात नाही हे उघड आहे, आणि घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल असलेल्यांचा त्यावरचा राग रास्त आहे. तरीही नियमाने नाचाला घडवले आहे. बर्लिनमध्ये रात्र संपतच नाही, गोव्यात ती सूर्योदयाकडे चढते, आणि अमरावतीत ती पावणेदहाला शिखरावर असते, कारण हवालदार घड्याळ दाखवून गेलेला असतो. तिथले रीमिक्सही त्यामुळे गोवा ट्रान्सच्या उलट स्वभावाचे आहेत : अर्ध्या मिनिटात उठाव, लगेच बेसचा दणका, लगेच दुसरे गाणे. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो, दिवसा रस्त्यावर उभे राहणे अशक्य असते, आणि उन्ह कलल्यापासून दहापर्यंतचे चार तासच काय ते नाचाच्या वाट्याला येतात.

त्याच एप्रिलची १४ तारीख, म्हणजे आंबेडकर जयंती, ही या रस्त्याची सर्वांत भरलेली रात्र असते. वामनदादा कर्डकांच्या पिढीने ढोलकी-पेटीवर गायलेली भीमगीतांची परंपरा आता डीजेच्या बेसवर वाजते आणि अमरावतीच्या इर्विन चौकात तिच्यावर नाचणाऱ्यांत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे असतात. या नाचाला शहाणपण शिकवू पाहणाऱ्यांनी शिकागोची आठवण ठेवावी. तिथेही ज्यांना शहराच्या इतर नृत्यगृहांत मोकळेपणा नव्हता त्यांनीच हे संगीत उभे केले होते. मध्यवर्ती चौकात आपल्या आवाजाने वर्षातून एकदा उभे राहणे, हा या नाचाचा मोठा भाग आहे. मात्र एरवीच्या मिरवणुकांत ट्रकमागचा रस्ता बहुतेक पुरुषांचाच असतो. मुलींना नाचायला वरात आणि नवरात्रातला गरबा उरतो, आणि या बाबतीत इंग्लंडचे माळ वऱ्हाडच्या चौकांपेक्षा मोकळे होते.

रात्रभर चालणाऱ्या समूहलयीची वऱ्हाडला सवय नव्हती असे मात्र नाही. गाडगेबाबांचे कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी, मेळघाटातील कोरकूंची होळी ही त्याची उदाहरणे. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला अभिषेक करण्यासाठी गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडी निघतात. आदल्या रात्रीपासून सुमारे १८ किलोमीटर अनवाणी चालत, ‘हर्र बोला महादेव’च्या ठेक्यावर खांद्यावरचा भार तोलत, मंडळे सकाळी शहरात शिरतात. १९४४च्या दुष्काळापासूनची ही प्रथा सांगतात. इथे लय आधी पावलांची असते, वाद्याची नंतर.

आठवणी जपण्याच्या बाबतीत हे प्रदेश फारच असमान आहेत. इंग्लंडात रेव्हवर पुस्तके आणि चित्रपट आहेत, जर्मनीने मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला आपल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिले, गोव्याच्या डॅट फिती परदेशी हौशी लोक जमवतात. वऱ्हाडचे रीमिक्स पेनड्राइव्हमधून फिरतात आणि पुढच्या हंगामात पुसले जातात. त्यांतून जे टिकते त्याच्या मधोमध ऑपरेटरने आपले आणि आपल्या गावाचे नाव मोठ्याने घातलेले असते, दुसऱ्या गाडीवाल्याने गाणे चोरून वाजवले तरी ते नाव भर चौकात ऐकू यावे म्हणून. ऐकणाऱ्याला ते खटकते, पण कोणते गाणे परतवाड्यात बनले आणि कोणते मूर्तिजापुरात, हे ठरवायला या क्षणी तेवढाच एक कागद उपलब्ध आहे.