शर्यतीच्या निमित्ताने अथेन्सची सैर

युरोपची सहल म्हटली की आठ दिवसांत पाच देश, बसच्या खिडकीतून दिसलेले राजवाडे आणि घाईघाईने काढलेले फोटो, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. पण पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन होऊ लागल्या, तशी आपल्याकडेही धावण्याची गोडी वाढली. आता काही कुटुंबे परदेशी जाताना एकच शहर निवडतात आणि तिथल्या शर्यतीतही नाव नोंदवतात. कल्पना छान आहे, मात्र आखणी चुकली तर धावणाऱ्याचे पाय आणि इतरांची सुट्टी, दोन्हींवर पाणी पडते. अशा सहलीसाठी ग्रीसची राजधानी अथेन्ससारखे दुसरे ठिकाण नाही.

जिथून मॅरेथॉन सुरू झाली

अथेन्सची मॅरेथॉन नोव्हेंबरमध्ये होते. पहाटे बसने धावपटूंना मॅरेथॉन या गावी नेतात आणि तिथून ४२.१९५ किलोमीटर धावत ते अथेन्सला परततात. इ. स. पूर्व ४९० मध्ये याच गावाजवळ अथेन्सच्या सैन्याने इराणी फौजेला हरवले. त्या लढाईत पडलेल्या १९२ अथेन्सवासीयांच्या समाधीचा मातीचा उंचवटा शर्यतीच्या सुरुवातीलाच लागतो. विजयाची बातमी घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धावला आणि ती सांगून गतप्राण झाला, ही कथा मात्र कित्येक शतकांनंतरच्या ग्रंथांत आढळते. इतिहासकार हेरोडोटसने लिहिले आहे ते स्पार्टाकडे मदत मागायला धावलेल्या दूताबद्दल.

शर्यत संपते ती पांढऱ्या संगमरवरी पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये. १८९६ मध्ये पहिल्या आधुनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन इथेच संपली आणि पाणी वाहून पोट भरणारा स्पिरिडॉन लुई ती जिंकून ग्रीसचा लाडका वीर ठरला.

त्याच वर्षी स्टमाटा रेविथी नावाची गरीब स्त्रीही धावायला आली होती. तिला शर्यतीत घेतले नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी ती एकटीच तेवढे अंतर धावली. स्टेडियममध्ये मात्र तिला शिरू दिले नाही. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये जपानची मिझुकी नोगुची याच स्टेडियममध्ये पहिली आली. आज तर कोणत्याही देशाची गृहिणी नाव नोंदवून इथल्या अंतिम रेषेपर्यंत धावू शकते.

आधी काय, नंतर काय

हा मार्ग सोपा नाही. साधारण पहिले १० किलोमीटर सपाट आहेत. पुढे जवळजवळ ३१ व्या किलोमीटरपर्यंत चढ आणि मग शहराकडे उतार. म्हणून शर्यतीआधी पाय जपणे महत्त्वाचे. नेमकी चूक इथेच होते. शनिवारी दिवसभर भटकून रविवारी धावायला उभे राहिले, तर अर्ध्या वाटेतच पोटऱ्या बोलू लागतात.

शक्यतो बुधवारी किंवा गुरुवारी पोहोचावे. अॅक्रोपोलिसची टेकडी आणि इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात उभारलेले पार्थेनॉन शुक्रवारच्या आतच पाहून घ्यावे. तिथले दगड गुळगुळीत झालेले आहेत. शर्यतीनंतर दुखऱ्या मांड्यांनी ते उतरणे म्हणजे शिक्षाच! शनिवारी धावपटूने आराम करावा आणि इतरांनी २००९ मध्ये उघडलेले अॅक्रोपोलिस संग्रहालय पाहावे. सोमवारी बसून करण्यासारखी सहल ठेवावी. पिरेयस बंदरातून बोटीने एजिना बेटावर जाऊन यावे. प्लाका भागातल्या गल्ल्या त्यानंतर सावकाश पाहता येतात.

घरच्यांनी नुसते थांबू नये

धावणाऱ्याच्या पिशव्या सांभाळत हॉटेलात बसणे ही काही सुट्टी नव्हे. मॅरेथॉनच्या जोडीने शहरात ५ आणि १० किलोमीटरच्या शर्यतीही असतात. त्यांत पतीपत्नी किंवा मोठी मुले भाग घेऊ शकतात. कोणाला धावायचे नसेल, तर एथनिकी अमिना मेट्रो स्टेशनजवळ आपला माणूस जाताना पाहावा आणि मग मेट्रोने एव्हांगेलिस्मोसला उतरून स्टेडियम गाठावे. रस्त्याच्या कडेला आजीआजोबा ‘ब्राव्हो’ म्हणत टाळ्या वाजवतात, धावणाऱ्यांच्या हाती ऑलिव्हची डहाळी देतात. अथेन्सची माणसे अशी भेटतात, हेही पर्यटनच आहे.

निघण्यापूर्वी

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३० हजार युरोंचा प्रवासी आरोग्य विमाही आवश्यक आहे. नोव्हेंबरमध्ये ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, तेव्हा झोपेची घडी बसायला दोन दिवस द्यावेत. बूट घरी वापरून मऊ झालेलेच न्यावेत आणि विमानात ते जवळच्या पिशवीत ठेवावेत, कारण सामान हरवले तर कपडे मिळतील, सवयीचे बूट मिळणार नाहीत. शाकाहारी मंडळींना पालकाची स्पानाकोपिता, पांढऱ्या घेवड्याचे सूप आणि घट्ट दही सहज मिळते. पण शर्यतीच्या आदल्या रात्री नवे पदार्थ चाखू नयेत. साधा भात आणि दही उत्तम.

मुख्य म्हणजे, किती वेळात धावायचे हे ठरवताना सुट्टी सगळ्या घराची आहे, हे विसरू नये. दहा मिनिटे उशीर झाला तरी पदक तेच मिळते. पण चिडचिडीत गेलेले आठ दिवस परत मिळत नाहीत.