खेळाडू मुलांना प्रवेशात सवलत : किती, कुठे आणि कशावर?



“मॅडम, पोरगं कबड्डीत तरबेज आहे. अभ्यासाचं एवढं मनावर घेऊ नका, खेळाच्या कोट्यातून होईल त्याचं काहीतरी.” वडगाव रासाई असो नाहीतर शिरूर-दौंडमधलं दुसरं कुठलं गाव, पालक सभेत हे वाक्य ऐकायला मिळतंच. पालकांचा हेतू चांगला असतो. पण या भरवशावर चौथी-पाचवीतच गणित आणि वाचन मागे पडू दिलं, तर पुढे तोच कोटा मुलाच्या हातून निसटतो. तो कसा, हे आज समजून घेऊ.

१. दहावी-बारावीचे क्रीडा गुण

राज्य मंडळाच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. स्पर्धेचा स्तर जितका वरचा, तितके गुण जास्त. पण कमाल मर्यादा २५ गुणांची. आता साधा हिशेब करा. दहावीला सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० गुण धरले, तर २५ गुण म्हणजे ५ टक्के. ६० टक्क्यांचा मुलगा ६५ वर जाईल. ९५ टक्क्यांची मुलगी १०० वर जाईल. पण ४५ टक्क्यांच्या मुलाला हे गुण ८० वर नेऊ शकत नाहीत. क्रीडा गुण म्हणजे ताटातलं लोणचं. भाकरी अभ्यासाचीच लागते.

२. आयआयटी मद्रासचा कोटा

देशात सर्वात अवघड समजल्या जाणाऱ्या प्रवेशांपैकी एक म्हणजे आयआयटी. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी वेगळा प्रवेश सुरू केला. प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात २ जादा जागा, त्यातली एक मुलींसाठी. गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत किमान एक पदक हवं. त्यानंतर जागा कुणाला द्यायची, हे खेळातल्या कामगिरीच्या यादीवरून ठरतं.

वाचताना वाटतं, चला, इथे अभ्यासाचा प्रश्नच मिटला. पण अर्ज करण्याआधी एक अट आहे. विद्यार्थ्याने जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षा पात्र ठरण्याइतकी पार केलेली असली पाहिजे. म्हणजे सवलत मिळते ती रँकमध्ये. पात्रतेत नाही. देशात पहिल्या हजारात येण्याची गरज उरत नाही, पण यादीत नाव मात्र असावंच लागतं.

३. अमेरिकेतही तेच

अमेरिकेत विद्यापीठांचे प्रशिक्षक शाळांमधून खेळाडू हेरतात, हे आपण ऐकतो. तिथली हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन यांसारखी आठ जुनी विद्यापीठं ‘आयव्ही लीग’ म्हणून ओळखली जातात. ही विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, मात्र प्रवेशात खेळाडूला झुकतं माप देतात. ते किती द्यायचं, यावरही बंधन आहे. शाळेतले गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण मिळून प्रत्येक खेळाडूचा एक शैक्षणिक निर्देशांक काढतात. खेळाडूंची सरासरी बाकीच्या विद्यार्थ्यांच्या सरासरीपेक्षा ठरावीक अंतराहून खाली जाता कामा नये, असा नियम आहे. प्रशिक्षकाला एखादा कितीही आवडला, तरी शेवटचा निर्णय प्रवेश विभागाचाच.

४. सरकारी नोकरी

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. इथेही पदाला लागणारी शैक्षणिक पात्रता माफ होत नाही. पदवी लागणार असेल तर पदवी हवीच. शिवाय पद जितकं वरचं, तितकी स्पर्धेची पातळीही वरची लागते.

चारही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. उंबरठा खाली येतो, पण नाहीसा होत नाही.

मग हे न्याय्य आहे का?

“खेळणाऱ्याला कमी मार्कांवर जागा, मग रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या मुलाचं काय?” हा प्रश्नही पालक विचारतात, आणि तो रास्त आहे. माझं मत असं : पहाटे मैदानावर, दिवसभर शाळेत आणि संध्याकाळी पुन्हा सरावाला जाणाऱ्या मुलाने कमावलेले ६५ टक्के आणि इतर मुलाचे ६५ टक्के सारखे नसतात. त्या कष्टाची दखल घ्यायलाच हवी. फक्त नियम उघड असावा, अभ्यासाची किमान अट असावी आणि प्रमाणपत्र खरं असावं.

शेवटची अट फार महत्त्वाची. आपल्या राज्यात ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं वापरून नोकरी मिळवल्याची प्रकरणं उघडकीस आली. अमेरिकेत २०१९ मध्ये तर श्रीमंत पालकांनी प्रशिक्षकांना लाच देऊन, कधी न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसवल्याचं समोर आलं. खोटं प्रमाणपत्र सरकारची फसवणूक तर करतंच, पण खऱ्या खेळाडूची जागाही खातं.

आपण काय करायचं?

• स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, ते आधी बघा. जत्रेच्या आखाड्यात मुलाने इनामाची कुस्ती मारली तर कौतुक जरूर करा, पण त्याचे क्रीडा गुण मिळत नाहीत. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शासनाच्या शालेय स्पर्धांमध्ये मुलं उतरवा. त्यात १४ वर्षांखालील गटही असतो.

• प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का, हे त्याच दिवशी तपासा. एका अक्षराचा फरक पुढे पडताळणीत अडवतो.

• स्पर्धेमुळे मुलाचे धडे बुडले, तर शिक्षकांनी ते भरून काढायला वेळ द्यावा. “खेळाडू आहे, चालतंय” म्हणून सोडून देऊ नये.

• पालकांनी शिक्षा म्हणून खेळ बंद करू नये. मार्क कमी पडले की आधी मैदान तोडलं जातं, विशेषतः मुलींचं. त्याऐवजी रोज ठरलेला एक तास वाचन-गणिताचा ठेवा.

• दुखापतीचा विचार ठेवा. गुडघा एकदा गेला की खेळ थांबू शकतो. तेव्हा हाताशी उरतं ते शिक्षण.

राज्य पातळीपर्यंत पोहोचणारी मुलं थोडीच असतात. जी पोहोचतील त्यांना कोट्याचा लाभ घेता यावा आणि जी पोहोचणार नाहीत त्यांचंही काही अडू नये, यासाठी प्राथमिक शाळेतलं वाचन आणि गणित दोघांनाही सारखंच लागतं. तुमच्या शाळेत खेळाडू मुलांचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढता, ते जरूर कळवा. आम्हालाही उपयोग होईल.