नऊ नोबेल विजेते घडवणारी सरकारी शाळा

ब्राँक्स हायस्कूल ऑफ सायन्स ही न्यूयॉर्क शहराची सार्वजनिक शाळा 1938 मध्ये सुरू झाली. सुरुवातीला ती फक्त मुलांसाठी होती. 1946 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला. इथे फी नाही, मात्र प्रवेश परीक्षा कडक आहे. इंग्रजी आणि गणिताच्या एकाच परीक्षेतील गुणांवर निवड होते. 1971 च्या राज्य कायद्याने ही पद्धत पक्की केली. या निवडीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थी फार कमी येतात, म्हणून तिच्यावर सतत वाद होतो.

शाळेत नववी ते बारावीचे वर्ग आहेत. विज्ञान आणि गणितासोबत भाषा, इतिहास व वादविवाद यांनाही महत्त्व आहे. ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट म्हणजे कॉलेजच्या पातळीचे अनेक विषय घेता येतात. संशोधनाची आवड असलेले विद्यार्थी तीन वर्षांच्या उपक्रमात स्वतःचा प्रकल्प उभा करतात आणि राष्ट्रीय विज्ञान स्पर्धांत उतरतात.

शाळेच्या नऊ माजी विद्यार्थ्यांना नोबेल मिळाले: सात भौतिकशास्त्रात, 2012 मध्ये रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना रसायनशास्त्रात आणि 2023 मध्ये क्लॉडिया गोल्डिन यांना अर्थशास्त्रात. शेल्डन ग्लॅशो आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे तर 1950 च्या एकाच तुकडीतले. 1979 चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांनी अब्दुस सलाम यांच्यासह मिळवले. जगातल्या अनेक देशांच्या खात्यावरही एवढी नोबेल पारितोषिके नाहीत.