प्राध्यापकांकडे काय मागावे?

पदवीनंतर पुढे काय, हा प्रश्न घेऊन आपली मुले बँकेच्या काउंटरवर आमच्याकडे येतात. पण रोज भेटणाऱ्या प्राध्यापकांकडे मात्र सहीपुरतीच जातात. बी. ए. होताना आम्हीही तेच केले. घरात सांगणारे कोणी नव्हते आणि कॉलेजात विचारण्याचे धाडस झाले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथील प्रा. सेलिग्मन यांच्याशी जुळलेला स्नेह पुढेही टिकला. १९२५ साली बाबासाहेबांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथाला त्यांनीच प्रस्तावना लिहिली. लंडनचे प्रा. एडविन कॅनन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथातील बरीच मते त्यांना पटली नव्हती. प्रस्तावनेत त्यांनी तसे स्पष्ट लिहिले आणि विचारांतील ताजेपणाचे कौतुकही केले.

विद्यार्थी मित्रहो, गुरूचे मार्गदर्शन म्हणजे केवळ होकार नव्हे. म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. स्वतः लिहिलेली चार पाने न्या आणि 'सर, यात कोठे चुकले?' असे विचारा. चूक दाखवली तर खचू नका. कोणता विषय घ्यावा, कोणती परीक्षा द्यावी, हे त्याच बोलण्यातून उमगत जाते. आम्ही विचारले नाही; तुम्ही जरूर विचारा.