चालतो-बोलतो, मग तो दिव्यांग कसा?

दौंड तालुक्यातल्या पाटस, वरवंड, कुरकुंभ या पट्ट्यात एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की आता ते ऐकून राग येतो. "पोराचे हातपाय धड आहेत. चालतो, बोलतो, सांगितलं तर दुकानातून साखर आणतो. जरा भोळा आहे एवढंच. त्याला कुठे दिव्यांगात बसवता?" बोलणारा कधी चुलता असतो, कधी शेजारी, कधी मुलाचा बापच. त्याचा हेतू वाईट नसतो. मुलाला नाव ठेवलं जाऊ नये, असंच त्याला वाटत असतं. पण या एका वाक्यापायी घरची माणसं तपासणीला जात नाहीत. तपासणी नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून पगार म्हणजे सरकारी मासिक अनुदान, सवलत, विमा काहीच नाही. मूल पंचविशीला येतं, आई थकते, आणि मग कुणीतरी सांगतं की हे सगळं बऱ्याच वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं.

म्हणून हा गैरसमज नीट उलगडून पाहू.

पहिली गोष्ट कायद्याची. बौद्धिक दिव्यांगत्व हे काही काल-परवा यादीत घुसवलेलं नाही. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि त्या सातांतही ते होतं, त्या काळच्या 'मतिमंदत्व' या नावानं. सध्याचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा, तो १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बहुविकलांगता हे त्यांतले. म्हणजे हातपाय धड असूनही माणूस कायद्यानं दिव्यांग असू शकतो, हे ठरून तीस वर्षं होत आली. तरी चौकातला निवाडा अजून हातपाय बघूनच होतो.

दुसरी गोष्ट, पात्रता कशावरून ठरते? कायद्याच्या परिशिष्टात बौद्धिक दिव्यांगत्वाची व्याख्या दिली आहे. तिला दोन पाय आहेत. एक, विचार करणं, शिकणं, अडचणीतून वाट काढणं यांतली लक्षणीय मर्यादा. दुसरा, रोजच्या जगण्यात लागणाऱ्या सामाजिक आणि व्यावहारिक कौशल्यांतली मर्यादा. चालता येतं का, हा प्रश्न या व्याख्येच्या मध्यभागी नाहीच. मुलगा साखर आणतो, हे खरं. पण शंभराची नोट दिल्यावर किती परत यायला हवेत, हे त्याला कळतं का? दुकानदारानं कमी दिले तर तो घरी येऊन सांगतो का? तपासणीत विचारलं जातं ते हे.

ही कौशल्यं मोजायला आपल्याकडे 'व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनी' वापरतात. एडगर डॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ती १९३५ साली मांडली आणि भारतीय मुलांसाठी तिचं रूपांतर नागपुरात डॉ. मालिन यांनी केलं. तिच्यात आठ भाग आहेत: स्वतःची सामान्य देखभाल, खाणं, कपडे घालणं, स्वतःचे निर्णय स्वतः घेणं, कामधंदा, संवाद, हालचाल आणि लोकांत मिसळणं. चालणं-फिरणं हा आठांतला एक भाग. चौकातला माणूस त्या एका भागावर निकाल देतो आणि उरलेले सात सोडून देतो.

मोजणीचं गणित साधं आहे. मुलाची कौशल्यं कितव्या वर्षाच्या मुलासारखी आहेत, ते आधी ठरतं. त्याला सामाजिक वय म्हणतात. त्याला खऱ्या वयानं भागून शंभरनं गुणायचं. पंधरा वर्षांच्या मुलाची कौशल्यं नऊ वर्षांच्या मुलासारखी असतील तर नऊ भागिले पंधरा गुणिले शंभर, म्हणजे ६०. केंद्र सरकारनं ४ जानेवारी २०१८ला राजपत्रात छापलेल्या मूल्यमापनाच्या सूचनांत या आकड्यावरून टक्केवारी काढायचा तक्ता दिला. ५५ ते ६९ गुण म्हणजे सौम्य, ५० टक्के. ३६ ते ५४ म्हणजे मध्यम, ७५ टक्के. २१ ते ३५ म्हणजे तीव्र, ९० टक्के. २० किंवा त्याखाली अतितीव्र, १०० टक्के. ७० ते ८४ म्हणजे सीमारेषेवरचा, २५ टक्के. २०२४मध्ये या सूचना सुधारल्या गेल्या, तेव्हा आज तपासणीला जाणाऱ्याचं गुणांकन चालू सूचनांप्रमाणेच होईल. पण तक्त्यामागचा विचार समजून घ्यायला हवा.

त्यातली 'सौम्य' ही ओळ पुन्हा वाचा. सौम्य गटातला मुलगा चालतो, बोलतो, स्वतःच्या हातानं जेवतो, निरोप सांगतो, गोठ्यात मदत करतो. गावात ज्याला 'जरा भोळा' म्हणतात तो पुष्कळदा हाच. आणि त्याला टक्केवारी मिळते ५०. बहुतेक योजनांची अट ४० टक्क्यांची आहे. कायद्याचं कलम २(र) या मर्यादेला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतं. म्हणजे ज्याच्याबद्दल गाव छातीठोकपणे 'बसत नाही' असं सांगतं, तोच मुलगा या तक्त्याप्रमाणे बसतो.

स्वमग्नतेचंही तसंच. तिच्यासाठी वेगळी भारतीय मापनी आहे. चाळीस बाबी, प्रत्येकीला गुण, आणि ७० गुणांपासून स्वमग्नता धरली जाते. पाढे घडाघडा म्हणणारा, गाण्याची चाल एकदा ऐकून धरणारा मुलगाही त्या मापनीत पात्र ठरू शकतो, कारण तिथं स्मरणशक्तीखेरीज माणसांशी जुळवून घेणं, संवाद आणि वागणूक पाहिली जाते.

आता या गैरसमजाचा सर्वांत जास्त तोटा कुठे होतो, ते सांगतो. तो खुद्द तपासणीच्या खोलीत होतो. व्हाइनलँडची बरीचशी माहिती आईकडून घेतली जाते. मानसशास्त्रज्ञ विचारतात, "कपडे स्वतः घालतो का?" आई म्हणते, "हो, घालतो की." घालतो हे खरंच. पण कपडे आईनं काढून ठेवलेले असतात, सदरा सरळ करून हातात दिलेला असतो, गुंड्या तिनं लावलेल्या असतात आणि थंडीत स्वेटर घाल हेही तिनंच सांगितलेलं असतं. वर्षानुवर्षं ती हे इतक्या सहज करत आली आहे की ही मदत आहे, हे तिच्या लक्षातच येत नाही. शिवाय चारचौघांत लेकराची बाजू सावरायची, त्याला कमीपणा येऊ द्यायचा नाही, ही तिची सवय. तिच्या प्रत्येक 'हो'नं गुण वाढतात आणि टक्केवारी चाळिसाच्या खाली घसरते. मग घरी येऊन सगळे म्हणतात, "बघा, आम्ही सांगितलंच होतं, बसत नाही म्हणून."

खोटं सांगायचं नाही. अपुरंही सांगायचं नाही. तपासणीच्या आधी आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: सकाळपासून रात्रीपर्यंत मुलाला कुठे सांगावं लागलं, कुठे हात लावावा लागला, कुठे एकटं सोडता आलं नाही. उत्तर देताना "करतो" म्हणून थांबू नका. "सांगितलं तर करतो", "शेजारी उभं राहिलं तर करतो", "एकटा करत नाही" असं पूर्ण वाक्य बोला. मूल कोणाच्याही आधाराशिवाय काय करू शकतं, तेच मापनीला हवं असतं.

आणखी एक. ५० टक्के म्हणजे अर्धा मेंदू बंद, असा अर्थ काढून कित्येक घरं हादरतात. या आकड्यावरून मेंदूचा कोणताही भाग मोजता येत नाही. तो फक्त सरकारी योजनांसाठी काढलेला आहे. त्यावरून मूल पुढे काय शिकेल, हे ठरत नाही.

आता बाकीचे गैरसमज. ते थोडक्यात सांगतो.

"कार्ड मिळालं की पगार आपोआप सुरू होतो." होत नाही. वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी हा दिव्यांगत्वाचा पुरावा आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज वेगळा, तो तहसील कार्यालयाकडे, म्हणजे आपल्यासाठी दौंडला. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे, आणि महाराष्ट्रातला पंधरा वर्षांचा रहिवास लागतो. दिव्यांगांचं मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५पासून दीड हजारांवरून अडीच हजार झालं आहे.

"उत्पन्न जास्त आहे, म्हणजे कार्ड काढून उपयोग नाही." उत्पन्नाची अट त्या अनुदानाला आहे, कार्डाला नाही. एसटीतली सवलत, रेल्वेची सवलत, शिक्षणातलं आरक्षण यांचे नियम वेगळे आहेत. पाटसहून पुण्याला लोकलनं नेहमी उपचाराला जाणाऱ्या घराला हे ठाऊक हवं की सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीबरोबर सोबत्यालाही रेल्वे सवलत देते.

"चाळीसच्या खाली असेल तर दाखलाच देत नाहीत." देतात. ऑक्टोबर २०२४च्या सुधारित नियमांत ४० टक्क्यांखालच्यांसाठी पांढरं कार्ड, ४० ते ८० टक्क्यांच्या आतल्यांसाठी पिवळं आणि ८० टक्के किंवा जास्त असणाऱ्यांसाठी निळं कार्ड ठरवलं आहे.

"बोर्डानं एकदा नाही म्हटलं की संपलं." कायद्याच्या कलम ५९प्रमाणे निकालाविरुद्ध अपील करता येतं. त्याला मुदत असते, ती घालवू नका.

"लहानपणी काढलेला दाखला जन्मभर चालतो." बौद्धिक दिव्यांगत्वात मुलाचा दाखला पाच, दहा आणि अठरा वर्षांच्या टप्प्यांवर नवा करावा लागतो. अठराव्या वर्षी मिळतो तो कायमचा. मधला टप्पा चुकला की चालू लाभ अडकतो.

"दाखल्याला पैसे मोजावे लागतात." अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो आणि त्याला फी नाही. फॉर्म भरून देणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे द्या, पण टक्केवारी वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका.

"बापही उशिरा बोलायला लागला होता, पाच वर्षं थांबू." थांबू नका. २०१३पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतं, आणि वाढीतला उशीर हा त्या तपासणीचाच भाग आहे. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारा.

"आईबाप आहेत म्हणजे पालकत्व आहेच." अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत मूल सज्ञान होतं, मग त्याची समज कितीही असो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याच्या कलम १४प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. शेतीच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल, बँकेत खातं असेल, तर हे काम पुढे ढकलू नका. याच न्यासाची 'निरामय' ही वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. तिला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

"ग्रामपंचायतीचा याच्याशी काय संबंध?" संबंध आहे. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. ग्रामसभेत उभं राहून त्या खर्चाचा हिशेब मागा.

"दाखला काढला की शिक्का बसतो, भावंडांची लग्नं अडतात." दाखला कपाटात राहतो. मुलगा गावाला दाखल्याच्या आधीपासून ठाऊक आहे. लपवल्यानं त्याचे हक्क तेवढे बुडतात.

"लग्न करून टाका, आपोआप सुधारेल." हा गैरसमज सर्वांत घातक, कारण त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचं किंवा मुलाचं आयुष्य पणाला लावलं जातं. लग्न हा बौद्धिक दिव्यांगत्वावरचा उपचार नाही.

राहिला प्रश्न जायचं कुठे. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या तपासणीला मानसशास्त्रज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ लागतात. पुणे जिल्ह्यात त्यासाठी ससून सर्वसाधारण रुग्णालय आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही मुख्य ठिकाणं आहेत. आधार कार्ड, फोटो, रहिवासाचा पुरावा, आधीच्या उपचारांचे कागद, शाळेत जात असेल तर शिक्षकांचं निरीक्षण आणि ती वही सोबत न्या. एका फेरीत काम होईलच असं नाही. ऊसतोडीला कारखान्यावर आलेल्या कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावं: कलम ५८प्रमाणे दाखला देशभर चालतो, त्यामुळे गावी काढलेला दाखला इथेही ग्राह्य आहे.

आणि 'कुठे बसवता' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना, चुलत्यांना एक सांगणं. रांगेत मुलाला सांभाळायला एक माणूस लागतो, कागद घेऊन खिडकीवर उभं राहायला दुसरा. बहुतेक आयांबरोबर हा दुसरा माणूस नसतो, म्हणून त्या अर्ध्यातून परत येतात. तुमचं मत मांडण्यासाठी जो वेळ जातो, त्यातला एक दिवस काढा आणि त्या घराबरोबर पुण्याला जा.